स्किमॅटिक शेवटी उघडा: जुन्या फेंडर अ‍ॅम्पमधलं सर्किट ओळखायचं कसं

माझ्याकडे आलेल्या पहिल्या सिल्व्हरफेस ट्विन रिव्हर्बची, म्हणजे रुपेरी पाटीच्या फेंडर गिटार अ‍ॅम्पची, वाट मी स्वतःच्या हाताने लावली. कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या कागदावर 'एबी ७६३' छापलेलं होतं. मी त्याच नंबरचं स्किमॅटिक, म्हणजे सर्किटची छापील आकृती, काढलं आणि समोरच्या तारांशी ताडून पाहिलं, तर आउटपुट ट्यूबच्या कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर) मोठे रेझिस्टर दिसले. कागदावर ते कुठेच नव्हते. कुणीतरी उचापत केलीय असं मी ठरवलं, ते काढले आणि कॅथोड सरळ ग्राउंडला जोडले. संध्याकाळी अ‍ॅम्प चालू केला, तर दोन मिनिटांत चारही ६एल६ आउटपुट ट्यूबांच्या प्लेटा निखाऱ्यासारख्या लाल. ते रेझिस्टर कारखान्यातून आलेले होते. चुकीचा होता तो कागद.

त्यानंतर मी एक नियम केला. आधी समोर जे आहे ते कागदावर उतरवायचं आणि छापील स्किमॅटिक शेवटी उघडायचं. चित्र आधी पाहिलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं. १०० किलोओहम असायला हवा म्हणून १०० किलोओहमच 'वाचला' जातो. हा लेख पहिल्यांदा जुना ट्यूब अ‍ॅम्प उघडणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः १९६०च्या दशकातल्या फेंडरची घेतली आहेत, कारण ते अ‍ॅम्प जगभर खूप फिरतात आणि त्यांच्या कागदपत्रांवर लोकांचा नको तितका विश्वास असतो.

कागद आणि अ‍ॅम्प जुळत का नाहीत

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडरचा कारखाना होता. जानेवारी १९६५मध्ये तो सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतला. दोन्ही मालकांच्या काळात कामाची रीत साधारण सारखीच राहिली. घाऊक भावात सुटे भाग यायचे, कामगार ओळीने बसून फायबरच्या बोर्डावर भाग जोडायचे आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली की सर्किटमध्ये लहानसा बदल व्हायचा. बदल आज झाला तरी ड्रॉइंग काही महिन्यांनी सुधारलं जायचं, कधी सुधारलंच जायचं नाही. ट्यूबांची मांडणी दाखवणारे ते छापील कागद, म्हणजे ट्यूब चार्ट, गठ्ठ्याने छापलेले असत. गठ्ठा संपेपर्यंत तेच चिकटवले जात, आतलं सर्किट बदललं तरीही.

नंबर वाचायला सोपा आहे. एबी ७६३ म्हणजे ए, बी ही सुधारणेची अक्षरं, ७ म्हणजे जुलै आणि ६३ म्हणजे १९६३. एसी ५६८ म्हणजे मे १९६८. प्रिन्स्टन रिव्हर्बचं एए ११६४ हे नोव्हेंबर १९६४चं. त्याआधीच्या ट्वीड कापडाच्या अ‍ॅम्पांची पद्धत वेगळी होती: ५ई३मध्ये ५ म्हणजे पन्नासचं दशक, ई म्हणजे सर्किटची आवृत्ती आणि ३ हा डिलक्स मॉडेलचा आकडा. नवखे लोक इथे हमखास चुकतात: ही तारीख ड्रॉइंगची आहे, तुमच्या अ‍ॅम्पची नाही. १९६७ साली बनलेल्या अ‍ॅम्पवरही एबी ७६३ असतं, आणि ते बरोबरच आहे.

आता खुद्द स्किमॅटिकच्या कोपऱ्यातला बारीक मजकूर. फेंडर स्वतःच तिथे लिहितात की दिलेले व्होल्टेज अधिक-उणे २० टक्के धरा, आणि वेगळं लिहिलं नसेल तर रेझिस्टर अर्ध्या वॅटचे, १० टक्के फरकाचे. डिलक्स रिव्हर्बच्या स्किमॅटिकवर आउटपुट ट्यूबच्या प्लेटला ४१५ व्होल्ट दिलेत. म्हणजे ३३२पासून ४९८पर्यंत काहीही मोजलं तरी फेंडरच्या लेखी ठीक! तेव्हा ४३५ व्होल्ट दिसले म्हणून 'सर्किट वेगळं आहे' असं म्हणता येत नाही. शिवाय ते आकडे ११७ व्होल्टच्या विजेवरचे. अमेरिकेत आज १२०च्या वर वीज मिळते, त्यामुळे सगळंच थोडं चढं दिसतं.

हात घालण्यापूर्वी

या अ‍ॅम्पमध्ये ४०० व्होल्टहून जास्त डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो फिल्टर कॅपॅसिटरमध्ये (डीसी सपाट करणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये) साठून राहतो. माणूस मरू शकतो. दिलासा एवढाच की सर्किट ओळखण्याचं जवळजवळ सगळं काम प्लग काढून करता येतं, आणि नवख्याने तसंच करावं.

आधी प्लग भिंतीतून काढून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवा. १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना चांगल्या इन्शुलेशनच्या तारा आणि क्रोकोडाइल क्लिपा लावा. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सामान शंभर-दोनशे रुपयांत होतं. एक क्लिप चॅसीला (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला) लावा, दुसरी फिल्टर कॅपॅसिटरच्या धन टोकाला, अर्धा मिनिट. मग मीटरने मोजा. मोठ्या फेंडरमध्ये हे कॅपॅसिटर चॅसीच्या बाहेरच्या अंगाला एका पत्र्याच्या डब्याखाली असतात. प्रत्येक कॅपॅसिटर वेगळा मोजा, कारण स्टँडबायचं बटण ज्या स्थितीत असेल त्याप्रमाणे एखादा बाकीच्यांपासून तुटलेला राहू शकतो. पाच व्होल्टच्या खाली आला की क्लिप तशीच लावून ठेवा. मोठा कॅपॅसिटर रिकामा केल्यावरही आतल्या आत पुन्हा थोडा चार्ज उभा करतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणारे बहाद्दर भेटतील. त्यांचं ऐकू नका.

सगळ्या ट्यूबा काढून क्रमाने ठेवा. मागून पाहताना अगदी उजवीकडची पहिली, असा फेंडरचा क्रम आहे. आणि फोटो काढा, भरपूर, तिरक्या उजेडात. तार हलवण्यापूर्वीचा फोटो पुन्हा कधीच मिळत नाही.

वय ठरवा, पण एका पुराव्यावर नाही

ट्यूब चार्टवर बऱ्याचदा दोन अक्षरांचा रबरी शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९५१, तिथून पुढे मोजत जा. दुसरं महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. 'ओएच' असेल तर ओ पंधरावं अक्षर, म्हणून १९६५. एच आठवं, म्हणून ऑगस्ट. ही पद्धत साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालली.

मग पोटेंशिओमीटर (पॉट), ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. यांच्यावर बनवणाऱ्याचा आणि आठवड्याचा आकडा असतो. पॉटच्या पाठीवर १३७६४३२ असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६४ वर्ष आणि ३२वा आठवडा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६५३२ असेल तर ६०६ म्हणजे शूमाखर, ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा आणि ३२ आठवडा. इथे दशक लिहिलेलं नाही, ते तुम्ही बाकीच्या खुणांवरून ठरवायचं. स्पीकरवर २२० असेल तर जेन्सन, ४६५ असेल तर ऑक्सफर्ड.

अ‍ॅम्प त्याच्या सर्वांत तरुण मूळ भागाहून जुना असू शकत नाही. 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा. पॉट १९६६ची आणि ट्रान्सफॉर्मर १९६८चा असेल तर घाबरू नका, पॉट गोदामात पडून असतील. पण सगळं १९६५चं आणि एकटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर १९७२चा असेल, तर तो बदललेला आहे. त्याच्या स्क्रूंभोवतीचा रंग आणि तारांच्या जोडावरचं सोल्डर पाहिलं की खात्री होते.

समोरच्या पाटीचा रंग हा सर्वांत ढोबळ पुरावा. काळी पाटी, म्हणजे ब्लॅकफेस, १९६३ ते ६७. रुपेरी पाटी १९६८पासून. पण १९६८च्या सुरुवातीचे पुष्कळ रुपेरी अ‍ॅम्प आतून एबी ७६३च आहेत. विकणारा 'सिल्व्हरफेस म्हणून स्वस्त' म्हणत असेल आणि आत जुनं सर्किट निघालं, तर गप्प राहून पैसे मोजावेत, असं माझं मत आहे.

पिनेपासून सुरुवात करा

नवखे बोर्डापासून सुरुवात करतात आणि गोंधळतात. बोर्डावर भाग शेजारी-शेजारी असतात, पण शेजारी असणं म्हणजे जोडलेले असणं नव्हे. काही तारा तर बोर्डाच्या खालून जातात. त्यापेक्षा ट्यूबच्या सॉकेटपासून निघा. सॉकेटच्या पिना खोटं बोलत नाहीत, कारण ट्यूबची आतली रचना कुणालाच बदलता येत नाही.

१२एएक्स७ आणि तिच्या नऊ पिनांच्या बहिणींमध्ये दोन अर्धे असतात. प्लेट पिन १ आणि ६, ग्रिड (जिथे सिग्नल आत येतो) २ आणि ७, कॅथोड ३ आणि ८, हीटर ४, ५ आणि ९. आउटपुटची ६व्ही६ किंवा ६एल६ आठ पिनांची: प्लेट ३, स्क्रीन ४, ग्रिड ५, कॅथोड ८, हीटर २ आणि ७. सॉकेट सोल्डरच्या बाजूने पाहताना पिना घड्याळाच्या दिशेने मोजा. ६एल६च्या फेंडरमध्ये रिकाम्या पिन १ आणि ६चा वापर नुसते टेकू म्हणून केलेला असतो: पिन १वरून १५०० ओहमचा रेझिस्टर ग्रिडला, पिन ६वरून ४७० ओहमचा स्क्रीनला. हे माहीत नसलं की माणूस म्हणतो, 'पिन ६ला काही नसतं, मग हे काय?'

वहीत एकेका पिनेला एकेक ओळ द्या: ट्यूब क्रमांक, पिन, मध्ये कोणता भाग, पुढे कुठे. सुबक चित्र काढू नका. चित्र काढताना हात आपोआप ओळखीच्या सर्किटकडे वळतो, नुसत्या नोंदीत तो धोका नाही. आधी सगळे कॅथोड, मग सगळ्या प्लेटा, मग ग्रिड. कॅथोडपासून सुरुवात अशासाठी की तिथे भाग थोडे असतात आणि फरक लगेच दिसतो.

ट्विन रिव्हर्बच्या एबी ७६३मध्ये आउटपुट ट्यूबची पिन ८ थेट ग्राउंडला जाते. एसी ५६८मध्ये मध्ये १५० ओहमचे रेझिस्टर आणि सोबत इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आले. ग्रिडपासून ग्राउंडला एक-दोन हजार पिकोफॅरडचे लहान कॅपॅसिटरही आले, ऐकू न येणारी फुकटची ऑसिलेशन दाबायला. बायस म्हणजे ट्यूबमधला करंट आवरणारा ग्रिडवरचा ऋण व्होल्टेज. त्याचा पॉट पूर्वी दोन्ही बाजूंचा बायस एकत्र कमी-जास्त करायचा; नंतरच्या सिल्व्हरफेसमध्ये तो फक्त दोन बाजूंचा तोल सांभाळतो. माझ्या ट्यूबा लाल झाल्या त्या नेमक्या याच कारणाने. कॅथोड रेझिस्टर काढल्यावर बायस जास्त ऋण करायला हवा होता आणि तोल साधणाऱ्या पॉटने ते होतच नाही.

रेझिस्टर वाचताना रंग आणि मीटर दोन्ही

जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर वयानुसार वर चढतात. १०० किलोओहमचा १२० दाखवतो, क्वचित १४०सुद्धा. वहीत दोन रकाने करा: एकात रंगावरून आलेली किंमत, दुसऱ्यात मोजलेली. सर्किट ओळखायचं ते रंगावरून, कारण कारखान्याने काय बसवलं ते रंग सांगतो. मोजलेली किंमत तब्येत सांगते.

तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे १०० किलोओहम. तपकिरी-हिरवा-लाल म्हणजे १५००. लाल-लाल-पिवळा २२० किलोओहम. करडा-लाल-तपकिरी ८२० आणि पिवळा-जांभळा-काळा ४७ ओहम. डिलक्स रिव्हर्बच्या निगेटिव्ह फीडबॅकची (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे वळवणाऱ्या वाटेची) ही जोडी. चौथा पट्टा रुपेरी असेल तर १० टक्के, सोनेरी असेल तर ५, नसेलच तर २०. उष्णतेने लाल पट्टा तपकिरी पडतो आणि तपकिरी काळा, म्हणून नारिंगी-लाल-तपकिरी या तिघांवर शंका घ्या आणि तिथे मीटरचा कौल घ्या.

सर्किटमध्येच, न काढता मोजताना एक गोष्ट समजून घ्या. फरकाची टक्केवारी धरूनही वाचन रंगापेक्षा जास्त आलं तर रेझिस्टर नक्की चढला आहे, कारण दुसरी वाट असली तर वाचन कमी व्हायला हवं, जास्त कधीच नाही. कमी आलं तर काहीच सिद्ध होत नाही, कुठेतरी समांतर वाट असेल. एवढं कळलं की निम्मे रेझिस्टर उपटायचे वाचतात.

कॅपॅसिटरवर जुन्या पद्धतीने 'एमएफडी' म्हणजे मायक्रोफॅरड आणि 'एमएमएफ' म्हणजे पिकोफॅरड असतं. दुसऱ्यातल्या जादा 'एम'कडे दुर्लक्ष झालं तर किंमत दहा लाखपटीने चुकते! ब्लॅकफेसमध्ये निळे मॅलरी कॅपॅसिटर सर्रास दिसतात, सिल्व्हरफेसमध्ये चॉकलेटी थेंबांसारखे. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर नवे असतील तर तो सर्किटमधला फरक नव्हे, ती देखभाल आहे. पन्नास वर्षांचे मूळ असतील तर उलट काळजी करा.

हा हात कुणाचा?

आता खरी मजा. तुम्हाला फरक सापडला. तो कारखान्याचा, दुरुस्तीवाल्याचा, की एखाद्या हौशी वादकाचा?

फेंडरचा बोर्ड आयलेटचा असतो, म्हणजे बोर्डाला पितळी छिद्रं आणि त्यात भागांचे पाय. कारखान्यात एका आयलेटमध्ये जाणारे सगळे पाय आणि तारा आधी घातल्या जात, मग एकदाच डाख दिला जाई. त्यामुळे मूळ जोडात पाय आयलेटच्या आत गेलेले दिसतात आणि सोल्डर भरीव, किंचित मंद असतं. नंतर आलेला भाग बहुतेकदा आयलेटच्या वर टेकवून चिकटवलेला किंवा दुसऱ्या भागाच्या पायाला गुंडाळलेला असतो. कारण जुनं सोल्डर वितळवून आत घालणं जिकिरीचं, आणि दुरुस्तीवाल्याला दुपारी चारपर्यंत अ‍ॅम्प द्यायचा असतो. चमकदार सोल्डर, भोवती चिकट पिवळा फ्लक्स, जळून काळी झालेली तारेची कड या नंतरच्या हाताच्या खुणा. कापडी इन्शुलेशनच्या तारांच्या गर्दीत एकच प्लॅस्टिकची तार दिसली तर तिचा माग काढा. सत्तरच्या दशकातल्या अ‍ॅम्पमध्ये मात्र प्लॅस्टिकची तार मूळचीच असते.

रिकाम्या जागाही वाचा. एबी ७६३सारखं सर्किट असलेल्या सिल्व्हरफेसच्या पिन ८वर सोल्डरचा जाड गोळा असेल, शेजारी ग्राउंडला जुन्या पायाचा कापलेला तुकडा असेल, तर कुणीतरी त्याला 'ब्लॅकफेस' करून घेतलंय. हे काम अतिशय लोकप्रिय आहे. पिन ८वर एकच स्वच्छ तार आणि एकच डाख असेल, तर अ‍ॅम्प जन्मापासून तसाच. स्किमॅटिक दोघांचं सारखंच निघेल. फरक फक्त सोल्डर सांगतं.

डिलक्स रिव्हर्बमध्ये व्हायब्रेटो चॅनलच्या व्हॉल्यूम पॉटवर ४७ पिकोफॅरडचा छोटा कॅपॅसिटर असतो, आवाज कमी असताना खणखणीतपणा टिकवायला. पुष्कळ वादकांना तो टोचतो आणि ते त्याचा एक पाय कापतात. कापलेला पाय हवेत तरंगताना दिसला तर तो हौशी बदल, पूर्वपदावर आणायला दोन मिनिटं पुरतात. मी स्वतः तो सहसा कापलेलाच राहू देतो.

माझी सर्वांत आवडती युक्ती शेजारचा चॅनल. नॉर्मल आणि व्हायब्रेटो या दोन चॅनलचे पहिले टप्पे जवळजवळ जुळे भाऊ आहेत: तेच १०० किलोओहमचे प्लेट रेझिस्टर, तेच १५०० ओहमचे कॅथोड, तोच २५० पिकोफॅरडचा ट्रेबल कॅपॅसिटर. विचित्र किंमत दोन्ही चॅनलमध्ये त्याच जागी असेल आणि भागही एकाच वयाचे दिसत असतील, तर तो कारखान्याचाच निर्णय असण्याची शक्यता फार मोठी. एकाच चॅनलमध्ये असेल तर कुणीतरी आपला आवाज शोधत होता. दुसरा साक्षीदार म्हणजे त्याच महिन्यातला, त्याच मॉडेलचा दुसरा अ‍ॅम्प. तो मिळेलच असं नाही, म्हणून आतले फोटो जमवत राहा. चिल्लर वाटणारा फोटो पाच वर्षांनी कामी येतो. जुन्या चॅसीत मास्किंग टेपचा तुकडा आणि त्यावर जोडणी करणाऱ्या बाईचं नाव सापडलं, तर तो अजिबात काढू नका. 

आता स्किमॅटिक

वही पूर्ण झाली की मगच छापील स्किमॅटिक आणि लेआउट ड्रॉइंग (भाग बोर्डावर कुठे बसतात त्याचं चित्र) उघडा. दोन्ही उघडा, कारण फेंडरची स्किमॅटिक आणि लेआउट एकमेकांशीही नेहमी जुळत नाहीत. ट्यूब चार्टवर छापलेल्या नंबरच्या आधीची आणि नंतरची आवृत्तीही शेजारी ठेवा. प्रिन्स्टन रिव्हर्बमध्ये एए ११६४ला जीझेड३४ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी ट्यूब) आहे आणि बी १२७०ला ५यू४जीबी. तुमच्या अ‍ॅम्पच्या चार्टवर एक आणि सॉकेटमध्ये दुसरी ट्यूब असेल, तर त्यावरून काही ठरवू नका. ट्यूब कुणीही बदलतं. पॉवर ट्रान्सफॉर्मरचा आकडा आणि तारीख बघा.

प्रत्येक फरकापुढे एक शब्द लिहा: कारखाना, दुरुस्ती, हौस, छपाई. 'छपाई' म्हणजे ड्रॉइंगमधलीच चूक, आणि ती असते. पाचवा शब्द 'कळत नाही'. तो लिहायला लाजू नका; माझ्या वहीत तो बराच आहे. कळत नाही ते बदलायचं नाही, एवढं पाळलं की पुरे.

व्होल्टेज मोजायची वेळ आलीच तर सोबत कुणी जाणकार असावा, एक हात खिशात, आणि अ‍ॅम्प सीरिजमध्ये जोडलेल्या १०० वॅटच्या पिवळ्या, तारेच्या (एलईडी नव्हे) बल्बमधून चालू करावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगत राहिला तर लगेच बंद. प्रत्यक्ष आकड्यांपेक्षा दोन सारख्या जागांमधला फरक जास्त बोलका असतो. दोन आउटपुट ट्यूबांच्या ग्रिडवर -३५ आणि -३५ असेल तर छान. -३५ आणि -२८ असेल तर सर्किटचा वेगळेपणा शोधत बसण्याआधी गळका कपलिंग कॅपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) शोधा.

भारतात आलेल्या अ‍ॅम्पबद्दल

आपल्याकडे या अ‍ॅम्पांची आणखी एक जात सापडते: ११७ व्होल्टचा अ‍ॅम्प कुणीतरी थेट २३०वर लावलेला, आणि नंतर पॉवर ट्रान्सफॉर्मर 'रिवाइंड' केलेला. लेबल आणि ६०६चा आकडा तसाच राहतो, तांबं मात्र नवं. वार्निशचा ताजा वास, पत्र्यांच्या कडेला निघालेला रंग, तारांचे रंग फेंडरच्या ड्रॉइंगशी न जुळणारे असतील तर व्होल्टेजच्या कुठल्याच आकड्याची फेंडरच्या कागदाशी तुलना करू नका. सर्किट तरीही मूळचं असू शकतं. निर्यातीसाठी बनवलेल्या काही अ‍ॅम्पांवर व्होल्टेज बदलायचा खटका असतो. तसा नसेल तर चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, हेही लक्षात असू द्या.

दोनच तारांचा प्लग असलेला जुना अ‍ॅम्प असेल, तर ग्राउंड स्विचपासून चॅसीला जाणारा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर शोधा. तो शॉर्ट झाला तर घरची वीज गिटारच्या तारांवर येते. तीन पिनांची अर्थिंगवाली वायर लावून तो काढून टाकलेला दिसला, तर त्या अनोळखी मेकॅनिकला मनातल्या मनात धन्यवाद द्या. मूळपणाचा हट्ट इथे धरायचा नाही.

मार्शलवाल्यांसाठी थोडं

हीच रीत ब्रिटिश मार्शललाही लागू पडते. त्यांचा १९६२चा जेटीएम ४५ हा फेंडर बेसमन ५एफ६-एच्या सर्किटवरच बेतलेला होता. साठच्या दशकाच्या शेवटच्या १०० वॅटच्या सुपर लीडमध्ये सर्वांत जास्त चर्चा होते ती पहिल्या ट्यूबच्या कॅथोडची. आधी दोन्ही अर्ध्यांना मिळून एकच ८२० ओहमचा रेझिस्टर. नंतर दोन्ही वेगळे झाले आणि ब्राइट चॅनलला २.७ किलोओहम आणि ०.६८ मायक्रोफॅरड आले, ज्यामुळे आवाज घट्ट आणि बोचरा झाला. हे ओळखायला स्किमॅटिक लागतच नाही. ट्यूब काढा, पिन ३ आणि पिन ८वर मीटर बीपवर लावा. वाजलं तर जोडलेले, नाही वाजलं तर वेगळे.

अमेरिकेत गेलेल्या सत्तरच्या दशकातल्या मार्शलमध्ये ईएल३४ऐवजी ६५५० असू शकतात. ट्यूब बघून नव्हे, ग्रिड लीक रेझिस्टर (ग्रिडला बायस पोहोचवणारा) बघून ठरवा: २२० किलोओहम असेल तर ईएल३४ची मांडणी, १५० असेल तर ६५५०ची. १५० किलोओहमच्या जोडांवर ताजं सोल्डर आहे का, तेही पाहा. १९६९च्या मध्यापासूनच्या सीरियल नंबरातलं अक्षर वर्ष सांगतं: ए १९६९-७०, सी १९७१, डी १९७२, असं पुढे. बी वापरलंच नाही.

काम संपलं की वहीची पानं झेरॉक्स करून एका लिफाफ्यात घाला आणि तो मागच्या लाकडी फळीच्या आतल्या बाजूला दोन टाचण्यांनी लावा. चॅसीच्या आत नको, तिथे उष्णता असते. ट्यूब चार्टवरही नको. त्या जुन्या कागदाला गोंद आणि टाचणी दोन्ही लागू देऊ नका. लिफाफ्यावर तारीख आणि विजेचं त्या दिवशीचं मोजलेलं व्होल्टेज लिहा.